बुरशीचं बियाणं

जालन्यात साके, म्हणजे जपानची तांदळाची दारू, पिणारा माणूस शोधायला निघालं, तर एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांपासून मोसंबीच्या बाजारापर्यंत पायपीट करून बहुधा रिकाम्या हातानं परतावं लागेल. आमच्या नात्यात मात्र असा एक आहे, माझा मावसभाऊ. बियाणे कंपनीत पैदासकार आहे. मिरची-टोमॅटोच्या संकरित वाणांवर काम करतो. कामानिमित्त जपानला जाणं झालं आणि तिथं त्याला हा नाद लागला. माझी आई ही त्याची मावशी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून दारोदार सह्या गोळा करत हिंडली. या दोघांची गाठ पडली की विषय फिरून फिरून साकेवर येतो. पुढचं बोलणं एका बैठकीतलं नाही. मी ते जोडून घेतलं आहे आणि मधे मधे तोंडही घातलं आहे.

मावशी : देशी पिणारा कधी म्हणतो का रे, ‘मी संत्र्याचा आस्वाद घेतो’? तो सरळ म्हणतो, पितो. तुम्ही शिकलेले लोकच तेवढे आस्वाद घेता.

भाचा : देशीत आस्वाद घ्यायला ठेवलंय काय, मावशी? मळीपासून अल्कोहोल काढायचं, त्यात पाणी आणि वास मिसळायचा. साके वेगळी आहे म्हणतो तेव्हा ती पवित्र आहे असं म्हणत नाही मी. तिच्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे, एवढंच.

मावशी : बघ की मग. प्यायची कशाला?

भाचा : सुरुवात बघण्यापासूनच झाली. क्योतोजवळ एका साकेच्या कारखान्यात नेलं होतं आम्हाला. बाकीचे पाहुणे पेल्यांकडे गेले, मी भिंतीवर टांगलेल्या भाताच्या लोंब्यांपाशी अडकलो. प्रत्येकीखाली वाणाचं नाव होतं. खायचा तांदूळ वेगळा आणि साकेचा वेगळा, हे तोवर मला माहीतच नव्हतं. साकेच्या तांदळाचा दाणा टपोरा. हजार दाण्यांचं वजन २७ ग्रॅमच्या आसपास, जेवणातल्या तांदळाचं २२ च्या आसपास. दाण्याच्या पोटात एक पांढरा, ठिसूळ ठिपका असतो. आपल्याकडं असा दाणा आला तर व्यापारी भाव पाडतो. तिथं त्या ठिपक्यासाठीच जादा पैसे मोजतात, कारण बुरशीला आत शिरायला तीच वाट.

मावशी : बुरशीचं नंतर बघू. वाण कुणी काढला?

शिक्षिका आणि पैदासकार यांच्यात निदान एक गोष्ट सारखी आहे: दोघांनाही ‘कुणी’ आणि ‘कधी’ कळल्याशिवाय पुढं जाववत नाही.

भाचा : ओमाची म्हणून एक जुना वाण आहे, ओकायामाचा. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, पुणे-ओकायामा मैत्रीचं? तेच ओकायामा. १८५९ साली तिथला एक शेतकरी डोंगरावरच्या देवस्थानाहून परतत होता. वाटेत एका शेतात त्याला दोन लोंब्या इतरांपेक्षा निराळ्या दिसल्या. मागून घेतल्या, घरी लावल्या, वर्षानुवर्षं निवडत गेला. आज साकेसाठी जे वाण आहेत त्यांतल्या पुष्कळांच्या वंशावळीत या ओमाचीचं रक्त आहे. सगळ्यांत नावाजलेला यामादा-निशिकी. ह्योगो प्रांताच्या संशोधन केंद्रात १९२३ ला संकर केला आणि १९३६ ला नाव दिलं. तेरा वर्षं! आमचे साहेब तिसऱ्या हंगामातच विचारायला लागतात, वाण बाजारात कधी येणार.

मावशी : आणि शेतकऱ्याला परवडतो का तो?

भाचा : पीक लई नाजूक आहे. मीटरभराच्या वर वाढतं, लोंबी जड, वारा आला की लोळतं. उतारा कमी. खत जास्त झालं की दाण्यात प्रथिनं वाढतात आणि साके बिघडते, म्हणून हात आखडूनच द्यावं लागतं. हे सगळं सोसून शेतकरी लावतो, कारण करार असतो. ह्योगोतल्या मिकी आणि काटोच्या आसपास अशी खेडी आहेत, ज्यांचा साकेच्या कारखान्यांशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून थेट करार चालत आलाय. अमुक कारखाना, अमुक गाव. बियाणं प्रांताकडून येतं आणि भेसळ होऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा मूळ बियाण्यापासून नव्यानं वाढवलं जातं.

इथं मला आपला जिल्हा आठवल्यावाचून राहिला नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढं त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. जाफराबाद-भोकरदनकडं आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये बायका पहाटे मिरचीच्या फुलांचे पुंकेसर चिमट्यानं काढत बसतात, तो सीड प्लॉटही करारावरच. ज्या गावानं बियाण्याच्या शुद्धतेवर पोट भरलं, त्या गावच्या माणसाला साकेकडं जायचा रस्ता मुंबईच्या हॉटेलातून शोधायची गरज नाही. तो लोंबीतून जातो. मावसभावाचं एवढं म्हणणं मला पटतं. पुढचं सगळं पटतं असं नाही.

मावशी : बरं, आला तांदूळ. मग?

भाचा : मग घासायचा. आपण पॉलिश करतो तेव्हा शेकडा आठ-दहा भाग जातो. साकेत ३० भाग घासून काढले आणि ७० उरले तर त्याला होन्जोझो म्हणता येतं. ६० उरले तर गिंजो. ५० किंवा त्याहून कमी उरले तर दाइगिंजो. बाहेरच्या थरात तेल आणि प्रथिनं असतात, त्यांनी चव जाडी होते. गाभ्यात नुसता स्टार्च. बाटलीवर शेकड्याचा आकडा असतो तो उरलेल्या दाण्याचा. नवखा माणूस नेमका उलटा वाचतो. आणि ‘जुनमाई’ लिहिलं असेल तर त्यात वरून अल्कोहोल घातलेलं नाही.

मावशी : अर्धा दाणा घासून टाकायचा?

भाचा : टाकत नाहीत. पिठाच्या कुरकुरीत चकत्या करतात, जनावरांनाही जातं.

मावशी : माणसाच्या ताटातून गेलाच ना तो? १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. सरकारी दुकानावर लाल मिलो ज्वारी यायची, अमेरिकेची. भाकरी थापायला गेलं की तुटायची. आई रडायची. तांदूळ आमच्याकडं सणाला. पाहुणा आला म्हणजे भात. आपण ज्वारीची माणसं, त्यामुळं तांदळाची किंमत आपल्याला तांदूळवाल्यांपेक्षा जास्त कळते. आणि हे काही जुनंच नाही. २००७ ला आपल्याच सरकारनं धान्यापासून दारू करणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं होतं. ज्वारी-बाजरीची दारू, आणि वर सरकारचा पैसा. किती ओरड झाली तेव्हा!

भाचा : हीच ओरड जपानातही झालीय, मावशी. १९१८ साली तांदूळ एवढा महागला की तोयामाच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या बायका रस्त्यावर आल्या, बंदरातून तांदूळ बाहेर जाऊ देईनात. देशभर दंगे पेटले, सरकार पडलं. त्यानंतर सुझुकी उमेतारो नावाच्या शास्त्रज्ञानं तांदूळ न वापरता साकेसारखं पेय केलं, का तर तांदूळ वाचावा. त्याच्याही आधी शोगुनांच्या काळात पीक बुडालं की साके गाळण्यावर बंधनं यायची. दुसऱ्या महायुद्धात तर तांदूळच उरला नाही. मग अल्कोहोल, साखर आणि आंबट घालून एकाची तिप्पट साके करायला लागले. तीच सवय पुढं कित्येक वर्षं टिकली आणि साकेचं नाव तिथंच खराब झालं.

मावशी : म्हणजे कोळणींना कळलं ते मलाही कळतं.

भाचा : तुझं चुकतंय असं कुठं म्हणतोय मी? २०२५ ला तिथं तांदूळ पुन्हा महागला, वर्षभरात भाव दुपटीच्या घरात गेले. शेतकरी साकेचा वाण सोडून खायचा लावायला लागले. कारखानदार अडचणीत आलेत.

मावसभावाची ही खोड चांगली आहे. विरुद्ध बाजूचा पुरावा तो स्वतःच आणून ठेवतो. आई असं कधी करत नाही.

मावशी : आता तुझी बुरशी काढ.

भाचा : द्राक्षात साखर आयती असते. कडवंचीची द्राक्षं चुरगाळून ठेवली तर ती आपोआप आंबतील. धान्यात साखर नसते, स्टार्च असतो. आधी त्याची साखर व्हायला पाहिजे. पार जुन्या काळी जपानात बायका भात चावून भांड्यात थुंकायच्या. लाळेनं स्टार्चची साखर होते.

मावशी : शी! आणि याला आस्वाद म्हणायचा?

भाचा : आता तसं कुणी करत नाही गं. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी धरवतात. उबदार खोलीत दोन दिवस, हातानं उलथत-पालथत, रात्री उठून तापमान बघत. तिनं साखर केली की यीस्ट तिचं अल्कोहोल करतं. गंमत ही की दोन्ही कामं एकाच पिंपात, एकाच वेळी चालतात. भात, कोजी आणि पाणी एकदम घालत नाहीत. चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात, मधे एक दिवस यीस्टला विसावा. म्हणून ऊर्ध्वपातन न करताही अल्कोहोल १८-२० टक्क्यांपर्यंत चढतं. मग पाणी घालून १५-१६ वर आणतात.

मावशी : बुरशी लागलेला मका तू स्वतः उकिरड्यावर फेकायला लावतोस. कॅन्सर होतो म्हणतोस.

हा प्रश्न ऐकून मावसभाऊ खुर्चीत पुढं सरकून बसला. त्याच्या विषयातला प्रश्न होता.

भाचा : मक्यावर, भुईमुगावर जी हिरवट बुरशी येते ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन करते, ते विषच. कोजी तिची सख्खी बहीण, अ‍ॅस्परजिलस ओरायझी. पण शेकडो वर्षं माणसाच्या घरात राहून, निवडून निवडून ती माणसाळली. विष करायची तिची खोड गेली. आणि हे निवडणारे कोण? बुरशीचं बियाणं विकणारी घराणी. क्योतोत मध्ययुगापासून त्यांची पेढी आणि त्यांचा संघ. दुसऱ्या बुरशीची भेसळ होऊ नये म्हणून ते तांदळात लाकडाची राख मिसळायचे. राखेत बाकीच्या मरतात, कोजी टिकते. सूक्ष्मदर्शक नव्हता, जंतू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आज सगळ्या जपानला हे बियाणं पुरवणारी मोजकीच घराणी राहिलीत. मावशी, मी आमच्या कंपनीत शेतात भेसळीची झाडं उपटत फिरतो. या लोकांनी तेच काम डोळ्यांना न दिसणाऱ्या पिकावर केलंय.

आई गप्प राहिली. मग म्हणाली, “राखेचं बरं आहे.” कडधान्याला राख लावून ठेवणाऱ्या पिढीकडून यापेक्षा मोठी दाद मिळणार नाही.

पाण्याचा विषय मात्र निघायलाच नको होता. साकेत शेकडा ८० भाग पाणी असतं, हे भाच्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. कोबेजवळच्या नाडा भागातल्या यामामुरा नावाच्या एका कारखानदाराचे दोन गावांत दोन कारखाने होते आणि एकाची साके नेहमी सरस निघायची. त्यानं कारागीर बदलले, तांदूळ बदलला, फरक पडेना. १८४० च्या सुमारास एका गावच्या विहिरीचं पाणी दुसरीकडं वाहून नेलं आणि फरक मिटला. ते पाणी जड होतं, पण त्यात लोखंड जवळजवळ नव्हतं. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी मऊ, म्हणून तिथली साके मवाळ. भाच्याच्या मते जगातला हा एक उत्तम प्रयोग. आईचं उत्तर मी जसंच्या तसं देते.

मावशी : जालन्यात नळाला पाणी कधी येणार हे वॉर्डात कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. घाणेवाडीचा तलाव आहे, पैठणहून पाइपलाइन आहे, तरी टँकर आहेच. आणि तू मला पाण्याच्या चवी सांगायलास.

यावर भाच्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नाही.

भाचा : बरं, माणसांचं सांगतो. साके करणारे कारागीर कारखान्याचे कायमचे नोकर नसायचे. डोंगरातले शेतकरी. ह्योगोतल्या तांबाचे, उत्तरेकडच्या नांबूचे, एचिगोचे. थंडीत शेतावर बर्फ, काम नाही. मग टोळ्या करून कारखान्यावर जायचे, चार-पाच महिने तिथंच राहायचं, भात लावायला परत यायचं. टोळीच्या म्होरक्याला म्हणतात तोजी.

मावशी : म्हणजे ऊसतोडच की.

भाचा : तसंच म्हण. फक्त तोजी नुसता मुकादम नसतो, सगळ्यांत मोठा कारागीरही तोच. चव बिघडली तर जबाबदारी त्याची.

मावशी : आणि बायका-पोरं?

भाचा : बायका गावीच राहायच्या. कारखान्यात बायकांना शिरायलाच बंदी होती, पुढं कितीतरी काळ. आता काही बायका स्वतः तोजी झाल्यात.

मावशी : इथं बायका बंदीत नाहीत, कोयत्यावर आहेत. आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायचं, आडव्या बाटलीचं मतदान लागलं ना, तेव्हा काय झालं ऐक. नियम असा की यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आलेल्या बायकांच्या निम्म्या नाही, यादीतल्या निम्म्या. आणि यादीतल्या कितीतरी जणी साखर कारखान्यांवर, फडात. दारूनं ज्यांचं घर बसलं त्याच मतदानाला नाहीत. मतदान करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी आडवी बाटली केली, तरी आम्ही हरलो. म्हणून तुझ्या साकेवर माझा राग नाही रे. तू काही नवऱ्याच्या हातून मार खाणाऱ्या बाईच्या घरातली दारू पीत नाहीस. पण दारू म्हणलं की मला ती यादी दिसते.

हे बोलून झाल्यावर दोघंही बराच वेळ मोसंबी सोलत बसले. मी इथं एक जोड देते. दारूशी या भागाचा झगडा आईच्या मोहिमेपासूनचा नाही. निजामाच्या राज्यात शिंदीवरचा आबकारी कर हे सरकारी उत्पन्नाचं मोठं साधन होतं. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यात शिंदीची झाडं तोडली गेली ती त्या उत्पन्नावर कुऱ्हाड घालायला. तेव्हा इथं दारूला विरोध करणं म्हणजे राजवटीला विरोध करणं होतं. आईच्या घरात ती आठवण अजून ताजी आहे. मुंबई-पुण्याच्या मासिकांत ‘मद्य-संस्कृती’वर लिहिणाऱ्यांना ती बहुधा माहीतही नसते.

मावशी : आता सांग, प्यायची कशाला? तेव्हापासून टाळायलास.

भाचा : टाळत नाही. लोंबी बघून कळलं नसतं ते जिभेवर कळलं म्हणून. गिंजोचा पेला नाकाशी नेला तर पिकलेल्या केळ्याचा नाहीतर सफरचंदाचा वास येतो. त्यात ना केळं आहे ना सफरचंद. घासलेला तांदूळ आणि गारव्यात सावकाश चालणारं यीस्ट, एवढ्यावर तो वास येतो. प्रयोगशाळेत आम्ही असे वास यंत्रावर मोजतो. तिथं पहिल्यांदा नाकानं मोजला.

आणि मग त्यानं मला, आईला नव्हे, नवख्यानं कशी सुरुवात करावी ते सांगितलं. आई ऐकत होती. पंचविशी ओलांडलेली असावी आणि परवाना असावा हे राज्याच्या कायद्याचं; ते झाल्यावर पुढचं. पहिली बाटली जुनमाई किंवा जुनमाई गिंजो घ्यावी, लहान घ्यावी. सगळ्यांत महागड्या दाइगिंजोपासून सुरू करू नये. वासाच्या भपक्यात तांदूळ सापडत नाही. (हे मला पटलं. मी एक घोट घेतला होता आणि अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं होतं.) १०-१५ अंशांवर गार करावी, अगदी बर्फासारखी नको. एका वेळी ५०-६० मिली. शेजारी पाण्याचा पेला ठेवून घोटामागं घोट पाणी प्यावं. जपानी लोकही तसंच करतात. तीच बाटली दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात सुरई ठेवून ४०-४५ अंशांवर आणावी आणि फरक बघावा. गरम केल्यावर आंबटपणा मवाळ होतो आणि भाताच्या पेजेसारखी एक गोडसर, भरीव चव पुढं येते. मला स्वतःला हीच आवडली. ‘नामा’ लिहिलेली, म्हणजे पाश्चरीकरण न केलेली साके मात्र आपल्याकडं विसरावी. तिला कायम फ्रिज लागतो, आणि मे महिन्यात समृद्धी महामार्गानं मुंबईहून जालन्यापर्यंत गाडीच्या डिकीत ४२ अंश सोसून ती जी येईल तिला साके म्हणवणार नाही. साध्या बाटलीलाही उजेड आणि ऊन सोसत नाही. उघडली की फ्रिजात ठेवून आठ-दहा दिवसांत संपवावी. वाइनसारखी वर्षानुवर्षं जपायची ही चीज नाही.

मावशी : आणि खर्च?

भाचा : आयात शुल्क, वर राज्याचा कर. बाटली हजारांत जाते.

मावशी : तरी बरं. मोजून पिशील.

भाचा : मोजायचं म्हणशील तर तिथलं माप ‘गो’. १८० मिली.

मावशी : क्वार्टरच की!

भाचा : माप क्वार्टरचंच. पण व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल ७७ मिली असतं, साकेच्या गोत २७ च्या आसपास.

मावशी : २७ म्हणजे शून्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ ला सांगितलंय, सुरक्षित असं प्रमाणच नाही. मी कात्रण ठेवलंय.

भाचा : बरोबर आहे. जपानच्या आरोग्य खात्यानंही २०२४ ला आकडे दिलेत. दिवसाला पुरुषानं ४० ग्रॅम, बाईनं २० ग्रॅम अल्कोहोल घेतलं की आजारांचा धोका वाढतो. एक गो म्हणजे साधारण २० ग्रॅम.

आई या आकड्यांनी खूश झाली, भाचा ते सांगून मोकळा झाला. माझ्या मते इथं दोघंही थोडे लबाड होते. ज्याला साके कळते तो प्रमाणात पितो, असं भाचा न बोलता सुचवत होता. तसा काही नियम नाही. जपानातही दारूच्या आहारी गेलेले लोक आहेत आणि ते साकेही पितात. आणि आई जणू असं म्हणत होती की ५० मिली घेणारा आणि सकाळी सातला गुत्त्यावर उभा असणारा एकाच रांगेत आहेत. तसंही नाही. पण दोघांच्या मधे उभं राहून निवाडा करायचा तर मी आईकडं झुकेन. भाच्याला साके न मिळून त्याचं काही बिघडणार नाही. त्या यादीतल्या बायकांचं बिघडलेलं आहे.

खाण्याचा विषय निघाला तेव्हा हवा जरा निवळली. ठेचा आणि येसर आमटीबरोबर साके घेऊ नये, तिखटापुढं ती मरते. वरण-भात, तूप, उकडलेल्या शेंगा चालतात. पण भाच्याच्या मनातली जोडी वेगळीच होती.

भाचा : हुरडा. डिसेंबर-जानेवारीत, शेतात, गोवऱ्यांवर भाजलेला. सोबत कोमट जुनमाई. दोन्हीकडं कोवळ्या धान्याचा गोडवा. जपानात कुणाला सुचणार नाही हे.

मावशी : खबरदार! हुरड्याच्या पार्ट्यांत बाटल्या आणणाऱ्यांनी आधीच हुरड्याची वाट लावलीय. पूर्वी लेकी-सुना माहेरपणाला यायच्या हुरड्याला. आता रिसॉर्ट झालेत आणि बायका घरी. ते तेवढं सोडून बोल.

भाचा : सोडलं.

मावशी : तिथले लोक अजून पितात का एवढी?

भाचा : नाही. १९७० च्या दशकात खप सगळ्यांत वर होता. आता त्याच्या एक तृतीयांशही राहिला नाही. तरुण पोरं बिअर पितात, काही काहीच पीत नाहीत. कितीतरी जुने कारखाने बंद पडले. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोनं कोजीपासून साके करायची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी : तिथले सोडायलेत आणि तू धरायलास.

भाचा : माझ्या धरण्यानं काय होतंय? पण ते कारखाने बंद पडले की तो तांदूळ जाईल, आणि ती बुरशीवाली घराणी...

मावशी : बुरशीवाली घराणी का जातील? तूच एकदा म्हणाला होतास, त्या बुरशीचा सोया सॉस होतो.

भाचा : होतो. मिसो होतं, व्हिनेगर होतं. आणि अमाझाके होतं.

मावशी : ती कसली दारू?

भाचा : दारू नाहीच. भात, कोजी आणि पाणी ५५-६० अंशांवर रात्रभर ठेवायचं. यीस्ट घालायचंच नाही, म्हणून अल्कोहोल होत नाही. साखर न घालता गोड होतं. आपली आंबील आंबट, ही गोड, एवढाच फरक धर. पूर्वी जपानात उन्हाळ्यात फेरीवाले विकायचे, अंगात ताकद राहावी म्हणून. लहान पोरं पितात. फक्त साकेच्या चोथ्यापासून करतात ती घ्यायची नाही, तिच्यात थोडं अल्कोहोल असतं.

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. शाळेत एखाद्या पोराचं उत्तर बरोबर आलं की ती असंच करायची.

मावशी : हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?

भाचा : तू विचारलंस कुठं? दारू म्हणलीस आणि सुरू झालीस.

मावशी : बरं. ज्वारीवर धरेल का ती बुरशी?

भाचा : जवावर धरते, सोयाबीनवर धरते. ज्वारीवर न धरायला कारण नाही. मालदांडी घेऊन बघता येईल. पण वरचं साल काढावं लागेल, नाहीतर बुरशी आत शिरायची नाही.

मावशी : म्हणजे घासणं आलंच.

भाचा : थोडं. अर्धा दाणा नाही.

मावशी : कोंडा म्हशीला घालू. किती बियाणं लागेल?

भाचा : चमचाभर पुष्कळ झालं. पण जिवंत बुरशी देशात आणायची म्हणजे रीतसर परवानगी लागते. क्वारंटाइनचे कागद, दिल्लीपर्यंत.

मावशी : मग कर अर्ज. सह्या गोळा करायच्या असतील तर सांग, वहीतली पानं शिल्लक आहेत माझ्याकडं.